तांब्याचा पैसा : खरी किंमत कोणती?



जुनं घर आवरायला काढलं की तांब्याच्या पैशांचा एखादा डबा हमखास निघतो. त्यात राणीच्या छापाचे पैसे, भोकाचे पैसे आणि नशीब असेल तर एखाद-दुसरी शिवराई असते. मग घरात चर्चा सुरू होते. भंगारवाला तांब्याच्या भावाने किलोवर घ्यायला तयार असतो. मोबाइलवर एका पैशाचे लाखो रुपये मिळतील असा निरोप आलेला असतो. आणि पैशावर तर फक्त 'पाव आणा' लिहिलेलं असतं. या तिन्हींतली खरी किंमत कोणती? मी कॉमर्सची पदवीधर, म्हणून आधी हिशेब मांडते आणि मग आपल्या व्रतांकडे येते.

आपल्याकडचा तांब्याचा सर्वांत प्रसिद्ध पैसा म्हणजे शिवराई. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांच्या नावाची नाणी चालू झाली. सोन्याचा होन, तांब्याची शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांच्या पश्चातही, पार पेशवाईच्या अखेरीपर्यंत हाच मजकूर पैशांवर येत राहिला. मात्र टांकसाळी अनेक होत्या, त्यामुळे सगळ्या शिवराया वजनाला सारख्या नव्हत्या. रुपयाला किती पैसे, हा भावही जागेनुसार आणि काळानुसार बदलायचा. म्हणून सराफ नाणं पारखून घेई आणि कमअस्सल नाण्यावर बट्टा कापी. नावाला बट्टा लागणं हा शब्दप्रयोग याच व्यवहारातला. थोडक्यात, त्या काळी पैशाची किंमत छाप आणि तांबं अशी दोन्ही मिळून ठरत होती.

इंग्रजी अमलात ६४ पैशांचा रुपया कायम झाला आणि पैशाचं वजनही ठरलं. आता खरा हिशेब इथे आहे. एका रुपयाच्या पैशांत धातू किती, एवढंच बघा.

राणीच्या काळातला पैसा १०० ग्रेनचा, म्हणजे जवळजवळ साडेसहा ग्रॅमचा. असे ६४ पैसे म्हणजे सुमारे ४१५ ग्रॅम तांबं. १९०६ पासून पैसा ब्राँझचा झाला आणि वजन ७५ ग्रेनवर आलं. आता रुपयात सुमारे ३११ ग्रॅम. मग दुसरं महायुद्ध आलं. तांबं काडतुसांना हवं होतं, म्हणून १९४३ मध्ये मधोमध भोक पाडलेला पैसा निघाला. त्याचं वजन सुमारे २ ग्रॅम, म्हणजे रुपयात १२८ ग्रॅमच्या आसपास. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. एक नवा पैसा दीड ग्रॅमचा, म्हणजे रुपयाला १५० ग्रॅम ब्राँझ. पुढे ब्राँझही परवडेना आणि १९६५ मध्ये ॲल्युमिनियमचा पाऊण ग्रॅमचा पैसा आला. रुपयात ७५ ग्रॅम, तेही हलक्या धातूचे!

असं का झालं? छापलेली किंमत आतल्या धातूपेक्षा जास्त असते, तोवर नाणं बाजारात फिरतं. धातू महाग झाला की तेच नाणं भट्टीत जातं. समजा तांबं ८०० रुपये किलो आहे. दीड ग्रॅमच्या नव्या पैशातला धातू साधारण एक रुपया वीस पैशांचा होतो, म्हणजे छापलेल्या किमतीच्या जवळजवळ १२० पट! असा पैसा दुकानात कोण खर्च करील? सुट्ट्या नाण्यांची साठेबाजी आणि वितळवणं थांबवण्यासाठी १९७१ मध्ये आपल्या संसदेला वेगळा कायदा करावा लागला. आज २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणी वितळवणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नाण्यातला धातू तपासण्याच्या या विद्येवरचा एक मोठा ग्रंथ एका जैन श्रावकाने लिहिला आहे, हे वाचून मला फार आनंद झाला होता. ठक्कर फेरू हे दिल्लीच्या टांकसाळीत काम करत. खिलजी सुलतानांचा तो काळ. १३१८ साली त्यांनी 'द्रव्यपरीक्षा' लिहिली, आपल्या भावासाठी आणि मुलासाठी. कोणत्या नाण्यात कोणता धातू किती आणि मोबदल्यात काय मिळावं, हे त्यांनी टांकसाळीतल्या अनुभवावरून मांडलं. घरातल्या माणसांनी फसू नये आणि फसवूही नये, अशीच त्यांची इच्छा असणार, असं मला वाटतं.

फसवू नये, हे तर आपलं व्रतच आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतले तीन जणू नाण्यांसाठीच आहेत. पहिला विरुद्धराज्यातिक्रम, राज्याचा नियम मोडून नफा करणं. जास्त पैसे मिळतात म्हणून नाणी भट्टीत घालणं यातच येतं. दुसरा हीनाधिकमानोन्मान, मापात खोट. डबा काट्यावर ठेवताना काटा बरोबर आहे ना, हे बघणं घेणाऱ्याचंही काम आणि देणाऱ्याचंही. तिसरा प्रतिरूपकव्यवहार, बनावट वस्तू अस्सल म्हणून देणं. आज नव्याने पाडलेल्या शिवराया जुन्या म्हणून खपवल्या जातात, तो हाच दोष.

आता लाखोंच्या निरोपाबद्दल. विठ्ठलवाडीत माझ्या एका शेजारणीला भोकाच्या पैशाचे पाच लाख कबूल करून आधी 'नोंदणी फी' मागितली होती. तिने दोनदा भरली. नाणं घरातच राहिलं, फी गेली ती गेलीच. मुलाला सांगायची लाज वाटली म्हणून ती महिनाभर नीट जेवलीही नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी बँक कोणतीही फी घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. भोकाचे पैसे कोट्यवधी पाडले गेले होते. संग्राहक जास्त मोजतो ते दुर्मीळ वर्षाला, टांकसाळीच्या खुणेला आणि नाण्याच्या स्थितीला. म्हणून डबा सापडला तर चिंच-मीठ लावून घासू नका. तांब्यावरचा जुना रंग गेला की संग्राहकाच्या लेखी किंमतही जाते. ओळखीच्या जाणकाराला दाखवा. शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परवान्याशिवाय परदेशी पाठवता येत नाही, हेही परदेशातल्या लेकी-सुनांना सांगून ठेवा.

आणि विकायचं नसेल तर घरातल्या प्रत्येक मुलाला एकेक द्या, वजन आणि साल सांगून. डबाभर साठवून कपाटात कुलूपबंद ठेवण्यापेक्षा अपरिग्रहाला तेच जास्त धरून आहे.