फ्युनारिया

(वर्ग : ब्रायोप्सिडा, गण : फ्युनारिएलीस, कुल : फ्युनारिएसी). हरितांची (मॉसची) एक प्रजाती. वनस्पतिशास्त्रज्ञ योहान हेडविग यांच्या मृत्यूनंतर 1801 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात तिचे अधिकृत वर्णन आहे. फ्यु. हायग्रोमेट्रिका ही सर्वपरिचित जाती जवळजवळ जगभर आढळते. ओलसर उघडी माती, कुंड्या, जुन्या भिंती आणि विशेषतः जाळ होऊन गेलेली राखेची जमीन तिला मानवते. महाराष्ट्रातील शालेय पुस्तकांत शेवाळी वनस्पतींचे एक उदाहरण म्हणून ही प्रजाती दिलेली आढळते.

लक्षणे : हिरवे रोपटे (गंतुकधारी) साधारण एक सेंमी. उंच असते. पाने अंडाकृती, मध्यशिरा सोडल्यास एका पेशीच्या जाडीची, शेंड्याशी कळीसारखी दाटलेली. खरी मुळे नसतात. बारीक मूलाभ रोपट्याला जमिनीत धरून ठेवतात. नर व मादी इंद्रिये एकाच रोपट्यावर, पण वेगळ्या शाखांवर येतात. शुक्रपेशी पोहत अंड्यापर्यंत जात असल्याने फलनाला पाण्याचा थर लागतो.

फलनानंतर वाढणारा बीजुकधारी (बीजुके तयार करणारा भाग) पोषणासाठी अंशतः रोपट्यावर अवलंबून असतो. त्याचा लांब देठ कोरडा पडला की पिळतो व भिजला की उलगडतो. टोकाचे बोंड नासपतीच्या आकाराचे, वाकडे व तिरक्या तोंडाचे असते. झाकण गळल्यावर तोंडाशी दातांची दोन वर्तुळे दिसतात, प्रत्येकात 16. बाहेरचे दात पिळदार असून शेंड्याशी एका चकतीला जोडलेले असतात. हवा कोरडी झाली की त्यांच्यामधील फटींतून बीजुके थोडीथोडी बाहेर पडतात. बीजुक रुजून आधी हिरव्या तंतूंचे जाळे (प्रतंतू) बनते व त्यावरील कळ्यांपासून नवी रोपटी येतात.

वर्गीकरण : या कुलातील रोपटी पानांवरून सहसा ओळखता येत नाहीत, म्हणून बोंडावर भर दिला गेला. याच कुलातील फिस्कोमिट्रियम प्रजातीचे बोंड सरळ, सममित व दातांविना असते. एंटोस्थोडॉन प्रजातीत दात खुंटलेले किंवा मुळीच नसतात. मात्र या सीमा पक्क्या नाहीत. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्झ फोन वेटस्टाइन यांनी 1920 च्या दशकात फ्युनारिया व फिस्कोमिट्रियम यांचे संकर घडवले होते. पुढे जनुकीय अभ्यासातून बोंडाचा ऱ्हास या कुलात अनेकदा, स्वतंत्रपणे झाल्याचे दिसले. त्यामुळे दात नसणे हा एकट्याने जवळच्या नात्याचा पुरावा ठरत नाही. ज्या हरितेचा जीनोम 2008 मध्ये प्रसिद्ध झाला, ती फिस्कोमिट्रेला पेटन्स आता फिस्कोमिट्रियममध्येच धरली जाते.

महत्त्व : वणव्यानंतर उघड्या पडलेल्या मातीवर ही हरिता लवकर पसरते व धूप कमी करण्यास मदत करते. तिचे प्रतंतू पाण्यातील शिसे शोषतात. जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांनी 2018 मध्ये ही साठवण कोरड्या वजनाच्या 74 टक्क्यांपर्यंत नोंदवली. त्यामुळे शिसेमिश्रित सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी तिचा विचार होत आहे.