पुरावा न मागणारे मन

अमडापूरला माझी आजी विहिरीपासून दूर घागर घेऊन उभी राही. कुणी वरून ओतले तर पाणी मिळे. "असे का?" विचारले की म्हणे, "पयल्यापासून असंच हाये." ओतणारीही तेच म्हणे.

या 'पयल्यापासून'चा हिशेब महाडला झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो अस्पृश्य चवदार तळ्याचे पाणी प्यायले. पाणी तेच होते. पण निवाडा आधी माणसाचा झाला, मग पाण्याचा. १०८ घागरी पाण्यात दूध, दही, शेण, गोमूत्र कालवून ते तळ्यात ओतले, तेव्हा सवर्ण मन निवले. मग दावा. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला : अनादी काळची रूढी सिद्ध झालेली नाही.

कोर्ट पुरावा मागते. मन सवयीलाच पुरावा मानते. जात ही विटांची भिंत नव्हे, मनाची अवस्था आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले, ते याचसाठी. आणि ही अवस्था दोन्हीकडे मुरते. परक्या घरी पाण्याचा पेला घेताना माझी नजर आजही आधी देणारीच्या चेहऱ्याकडे जाते.