कानातली शीळ

मराठी भावगीताचा इतिहास सांगताना बुलढाणा जिल्ह्याचं नाव फार लवकर घ्यावं लागतं. सिंदखेड राजात १९०९ साली जन्मलेले आणि पुढे मेहकरला वकिली केलेले कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गायली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला एच.एम.व्ही.ने तिची रेकॉर्ड काढली आणि ती गाजली. देशपांड्यांचा ‘शीळ’ हा संग्रह मात्र १९५४ साली आला. म्हणजे पुस्तक हातात येण्याच्या वीसेक वर्षं आधी कविता लोकांच्या कानात पोचली होती.

मी चिखली तालुक्यातली. गेली सात-आठ वर्षं मला इन-इअर हेडफोनचा नाद आहे. या नादातले लोक त्याला ‘आयईएम’ म्हणतात, म्हणजे इन-इअर मॉनिटर. हा छंद माणसाला नेमका लागतो कसा, असं कुणी विचारलं की बहुतेक जण आपल्या पहिल्या खरेदीची गोष्ट सांगतात. मी ‘शीळ’च्या रेकॉर्डपासून सुरुवात करते, कारण त्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. गाणारा माणूस जवळ आला होता.

१९०२ साली गोहरजानने कलकत्त्यात रेकॉर्डिंग केलं तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एका कर्ण्यात तोंड घालून जोरात गावं लागायचं, कारण आवाजाच्याच धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. हळू गाणं त्या रेघेत उतरतच नसे. १९२५पासून विजेवरचं रेकॉर्डिंग सुरू झालं, मायक्रोफोन आला आणि कुजबुजसुद्धा टिपता येऊ लागली. मैफलीत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागतो. भावगीतातला आवाज शेजारी बसून बोलल्यासारखा असतो. तो एका माणसासाठी असतो, आणि मायक्रोफोनशिवाय तो रेकॉर्डवर आलाच नसता.

गाणारा जवळ आला, ऐकणारा मात्र लांबच होता. ग्रामोफोन माजघरात, त्याच्याभोवती सगळं घर. एकासाठी गायलेलं गाणं दहा जण मिळून ऐकत. ऐकणाऱ्याला जवळ यायला पुढची ऐंशी-नव्वद वर्षं लागली.

खरं तर हेडफोन तेव्हाही होते. अमेरिकेतल्या युटाहमध्ये नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसाने १९१०च्या सुमाराला स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनवले आणि तिथल्या नौदलाने ते विकत घेतले. रेडिओच्या सुरुवातीच्या काळात स्वस्तातला श्रोता क्रिस्टल सेट वापरायचा. त्याला बॅटरी लागत नाही. हवेतून येणाऱ्या लहरीत जेवढी ताकद असेल तेवढ्यावरच तो चालतो. एवढ्याशा ताकदीने स्पीकर हलत नाही, कानाला लावलेला हेडफोन तेवढा हलतो. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, तेव्हा ज्याच्याकडे क्रिस्टल सेट होता तो डोक्याला हेडफोन लावूनच ऐकत होता.

क्रिस्टल सेटला केंद्र जवळ लागतं. मुंबईपासून चारशेच्या वर किलोमीटरवर असलेल्या आमच्या जिल्ह्यात त्याचा उपयोग शून्य. आमच्याकडे रेडिओ आला तो मोठा झाल्यावर, स्पीकर घेऊनच आला. १९४८ साली आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झालं, १९५७ साली विविध भारती. मधल्या काळात, १९५६ साली, पुण्यासह पाच मराठी जिल्ह्यांत आकाशवाणी आणि युनेस्कोने एक प्रयोग केला: गावकऱ्यांनी गटाने रेडिओवर शेतीचा कार्यक्रम ऐकायचा आणि मग त्यावर चर्चा करायची. ऐकणं म्हणजे एकत्र बसणं, हे त्या काळाला इतकं उघड होतं. आमच्याकडे तर कीर्तन, भजन, हरिपाठ आणि लग्नातला भोंगा यांनी ते आधीच शिकवून ठेवलेलं. एकट्याने ऐकणाऱ्या माणसाला आमच्या घरात अजूनही थोडं संशयाने बघतात. “काय खुपसून बसली वं कानात? हाक मारली त आयकू येत नाही तुले,” हे माझ्या आजीचं ठरलेलं वाक्य.

हा संशय जपानमध्येही होता. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा पहिला वॉकमन बाजारात आला, त्याला हेडफोनची दोन भोकं होती. कंपनीचे अकिओ मोरिता यांना वाटलं, एकट्यानेच ऐकणं शिष्टाचाराला धरून नाही. म्हणून दोघांनी ऐकायची सोय केली, आणि मधेच एकमेकांशी बोलायला ‘हॉटलाइन’चं बटणही दिलं. लोकांनी वॉकमन एकट्यानेच वापरला. पुढच्या मॉडेलांमधून ते बटण गेलं.

आज आपण कानात घालतो त्या वस्तूचं एक मूळ मात्र संगीताच्या धंद्यात नाही, ते ऐकू न येणाऱ्या माणसांच्या मशीनमध्ये आहे. श्रवणयंत्रात कानाजवळ आवाज सोडणारा एक अगदी लहान तुकडा असतो, बॅलन्स्ड आर्मेचर. तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढा. श्रवणयंत्रांवर काम करणारे मीड किलियन यांच्या एटिमॉटिक रिसर्च या कंपनीने १९९१ साली हाच तुकडा वापरून ईआर-४ हा इअरफोन काढला. कानाच्या नळीत आत शिरून ती बंद करणारा, गाणी ऐकण्यासाठीचा. चार वर्षांनी, १९९५ साली, साउंड इंजिनियर जेरी हार्वी यांनी व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरसाठी कानाच्या मापाचे मॉनिटर बनवले, कारण स्टेजवरच्या गोंगाटात त्याला स्वतःचे लोक ऐकू येत नव्हते. त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. ‘मॉनिटर’ हा शब्द तिथला. वस्तू महाग होती, गायक-वादकांची होती. मेहकर-मलकापूरला तिचा पत्ता नव्हता.

आमच्या जिल्ह्यात इअरफोन आला तो मोबाइलच्या दुकानातून. बसस्टँडसमोरचं दुकान, काचेवर लटकवलेली पाकिटं. “साठवाला हाय, शंभरवाला हाय. गॅरंटी दोघायचीबी नाही.” त्याच दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. गाण्याची फाइल इतकी दाबलेली असायची की टाळ वाजला की वाळू सांडल्यासारखं वाटायचं. महिन्याभरात इअरफोनची एक बाजू जायची. मग वायर पिनपाशी वाकवून, तिथे रबरबँड लावून, दोन्ही बाजू वाजतील असा कोन शोधायचा. तुमच्यापैकी अनेकांनी हे केलं असेल. हा छंद नव्हता, ही गरज होती.

मग २०१६चा सप्टेंबर आला. ५ तारखेला जिओ सुरू झालं आणि गाणी मोजून भरायचे दिवस संपले. ७ तारखेला अ‍ॅपलने आयफोन ७ दाखवला, त्यात हेडफोनचं भोक नव्हतं. हळूहळू बाकीच्या कंपन्यांनीही तेच केलं. एकाच आठवड्यात गाण्यांचं दार सताड उघडलं आणि वायरचं दार बंद व्हायला लागलं. नेमक्या याच वर्षांत चीनमधल्या कंपन्यांनी हजार-दीड हजारात सुटी होणारी वायर, आणि काहींत बॅलन्स्ड आर्मेचरही, असलेले इअरफोन विकायला काढले. केझेड, ब्लॉन, पुढे मूनड्रॉप. चायना आणि हाय-फाय मिळून या प्रकाराला ‘चाय-फाय’ हे नाव पडलं. स्टेजवरची वस्तू कुरिअरने चिखलीत यायला लागली.

माझ्यापर्यंत ती बुलढाण्याच्या एका अभ्यासिकेत आली. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत इअरफोन म्हणजे पाटी असते: माझ्याशी बोलू नका. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने एकदा तिचा मला लावायला दिला. मी बाबा रोज सकाळी लावतात तो पंडित भीमसेन जोशींचा एक अभंग लावला. तो मला पाठ होता. तरी एका कडव्याच्या आधी पंडितजी श्वास घेतात, तो मी पहिल्यांदा ऐकला. टाळ वाजून गेल्यावर मागे राहणारा झणकार ऐकला. तानपुरा गाण्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे, हे कळलं. त्यात नवीन काही नव्हतं. ते सगळं रोज सकाळी आमच्या घरात वाजत होतं आणि मला ऐकू येत नव्हतं.

या नादातल्या कुणालाही विचारा, सुरुवात अशीच झालेली असते. नव्या गाण्याने कुणी यात पडत नाही. पाठ असलेल्या गाण्यात न ऐकलेलं काही सापडतं आणि मग माणूस घरातली सगळी जुनी गाणी पुन्हा ऐकायला काढतो.

त्यानंतरची पायरी रबराची. मी स्वतःसाठी मागवलेला इअरफोन पहिल्या दिवशी पत्र्यासारखा वाजला. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि प्रत्येकाची वेगळी असते. रबराचं टोक तिला नीट बंद करत नसेल तर बारीक फटीतून खर्ज निसटून जातो. पाकिटात तीन मापांची रबरं येतात. मोठी काढून लहान लावली आणि मृदंग जागेवर आला. पैसे न घालता आवाज सुधारतो हे इथे कळतं, आणि इथेच कुतूहल लागतं.

मग दुसरा इअरफोन येतो. माझी व्याख्या साधी आहे: एक इअरफोन ही गरज, दुसरा आला की छंद. कारण दोन असले की तुलना सुरू होते आणि तुलनेला शब्द लागतात. खामगावच्या चांदीच्या बाजारात कस बघितल्याशिवाय जाणता माणूस भाव बोलत नाही, तसं इथे आलेख बघतात, एकच गाणं दोनदा ऐकतात. यात एक सापळा आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलं की आवाज बारीक असला तर खर्ज कानाला कमी जाणवतो. आवाज वाढवला की तो भरून आल्यासारखा वाटतो. म्हणून तुलनेत जो जोरात वाजतो तोच चांगला वाटतो. दोन्हींचा आवाज सारखा करून मगच निकाल द्यायचा, हे शिकलं की निम्मे पैसे वाचतात.

आता यात पणाला काय लागतं, तेही बोलायला हवं. आमचं घर तीन खोल्यांचं, माणसं सहा. टीव्ही चालू, कुकर चालू, कुणीतरी फोनवर. मुलीला स्वतःची खोली मिळण्याची पद्धत आमच्याकडे नाही. कानातली ती अडीच सेंटिमीटर जागा ही मला मिळालेली पहिली खोली, जिचं दार मी आतून लावू शकत होते. माझ्यासारख्या कितीतरी जणी ते दार लावून अभ्यास करतात, रडतात, झोपतात.

पण त्या खोलीचं भाडं कान देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४. एसटीच्या खडखडाटात साधा इअरफोन लावला तर आवाज आपोआप वर जातो. नीट बसलेला इन-इअर बाहेरचा गोंगाट अडवतो, त्यामुळे गाणं बारीक ठेवता येतं. हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे, आणि तो न घेता आवाज चढवणारे सगळ्यात जास्त आहेत. गाणं थांबल्यावरही कानात बारीक शीळ वाजत राहिली तर ती आपल्या मेहकरची नाही. ती धोक्याची आहे.

दोन वर्षांपूर्वी आजीला श्रवणयंत्र घेतलं. आठवड्याभरात ते डब्यात गेलं. “लय कालवा होते बाई याच्यात. भांडे आदळल्यावानी वाजते सारं.” घरच्यांना वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. मला मात्र ही तक्रार ओळखीची होती. नवा इअरफोन कर्कश वाजला की आम्ही अगदी असंच बोलतो. मी तिच्यासमोर बसून एकेक आवाज काढला. स्टीलची वाटी टोचते, वर्तमानपत्राची घडी टोचते. मृदंग ठीक, बाबांचा आवाज ठीक. ते कागदावर लिहून तपासणीला नेलं. तिथल्या बाईंनी यादी वाचली, कॉम्प्युटरला मशीन जोडलं आणि वरच्या पट्टीतला आवाज थोडा खाली आणला. रबरही बदललं.

आता आजी हरिपाठाला मशीन लावून बसते. तिच्या मशीनमध्ये आणि माझ्या इअरफोनमध्ये एकाच घराण्याचा तुकडा आहे, हे मी तिला दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं. तिने किंमत विचारली. मी सांगितली.

“मंग तुह्यं येवढं सस्तं कसं?”

तुझ्या मशीनमध्ये मायक्रोफोन आहे, आवाज निवडणारी चिप आहे, ते तुझ्या कानापुरतं बसवलेलं आहे, असं मी समजावलं. तिला फारसं पटलं नाही.