डोलाचा अंगरखा

वळवाच्या पहिल्या थेंबाला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एकच आवाज उठतो, ताडपत्री ओढण्याचा. गुळाच्या रव्यांनी भरलेल्या टेम्पोवर दोन हमाल चढलेत, खालचा दोरी फेकतोय, वरचा कोपरा खेचतोय. तुम्ही आडोशाला उभे आहात. त्या कापडाचा वास घ्या. डांबरट, तेलकट, जरासा कुबट. आता डोळे मिटा आणि हा वास सोडू नका.

डोळे उघडाल तेव्हा वैशाख आहे आणि साल 1764. तुम्ही पन्हाळ्यावर आहात, कारण कोल्हापूरच्या गादीची राजधानी अजून इथंच आहे. शहरात ती जाईल 1782 मध्ये. कोल्हापूरचे संभाजी महाराज जाऊन साडेतीन वर्षं होत आली, दत्तक शिवाजी महाराज लहान आहेत आणि कारभार जिजाबाई राणीसाहेब पाहतात. कोल्हापूरला समुद्र नाही, असं आपण शाळेपासून धरून चाललोय. इथं मात्र मालवणहून कागद येतात. सिंधुदुर्ग आपला आहे, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट आपले आहेत, आणि त्या पाण्यात आपली गलबतं आहेत.

चला, उतरा. गगनबावड्याला घटकाभर टेका. हा बावडा रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याचा. पंतांनी 1715 मध्ये आज्ञापत्र लिहिलं, त्यात आरमारावर एक आख्खं प्रकरण आहे, आणि त्या प्रकरणात मला सगळ्यात जवळचं वाटतं ते झाडांबद्दलचं. आरमाराला डोलाच्या काठीसाठी थोर लाकूड लागतं, हे पंत जाणतात. तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका म्हणतात, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, माणसांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात. झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्या. घाट उतरताना दोन्ही बाजूंच्या रानाकडे बघा. एक सरळ, निरोगी, डोलाला पुरेल असं खोड व्हायला माणसाच्या दोन पिढ्या जातात. पुढं जे दिसणार आहे ते कळायला एवढं ध्यानात असू द्या.

मालवण. ओहोटी लागली आहे, पद्मगडाकडे जाणारी वाळू उघडी पडली आहे. भर समुद्रात सिंधुदुर्ग, शंभर वर्षांपूर्वी थोरल्या शिवाजी महाराजांनी पाया घातलेला. मिरग तोंडावर आला. सर्जेकोटाच्या आडोशाला खलाशी गलबतं वर ओढताहेत. काहींवर नारळाच्या झापांची शाकारणी सुरू झाली आहे.

तुम्ही चढता ते गलबत मोठ्यातलं आहे. लहान गलबतावर चिरलेल्या बांबूंचा हलका तक्ता, म्हणजे डेक, असतो. इथं जाड फळ्या आहेत, सहा-आठ लहान तोफा बसतील अशा, आणि दोन्ही अंगांना मिळून चाळीसेक वल्ह्यांची जागा. शीड उतरवलंय, त्याची आडवी काठी, परबाण, काढून बाजूला ठेवलंय. मोठा डोल तेवढा उघडा उभा आहे.

खलाशांचा म्होरक्या, तांडेल, तुम्हाला डोलाच्या बुडाशी बसवतो. तक्त्याला भोक पाडून डोल खाली उतरतो, आणि भोवतीच्या फटीत लाकडी पाचरी ठोकलेल्या असतात. इथंच घात होतो. खाऱ्या पाण्याला सागवान भीत नाही, मीठ लाकूड राखतं. पावसाचं गोडं पाणी मात्र डोलावरून ओघळत येतं, पाचरींत शिरतं, तिथंच थांबतं आणि लाकूड आतून कुजवतं. वरून डोल धडधाकट दिसतो आणि पहिल्या जोराच्या वाऱ्याला बुडातून मोडतो. जगभरच्या खलाशांना हे दुखणं ठाऊक होतं. इंग्रज त्या जागी डांबर फासलेलं कापड बांधत आणि त्याला डोलाचा कोटच म्हणत.

इथं तांडेलाने जुन्या शिडाचा पट्टा फाडून घेतलाय. उन्हातान्हात, वाऱ्यात राबलेलं कापड, मऊ पडलेलं. राळ आणि उंडीचं तेल कढवून त्यात ते भिजवलंय. वास आला ना? तोच.

तुम्ही पट्टा सरळ गुंडाळायला जाता. तो तुमचा हात धरतो.

"उलटो बांध. पाणी वरसून येता."

मग तुम्ही बघता. कापडाची वरची कड तो खाली धरतो, बाकीचं सगळं कापड डोलावर वर चढवतो, आतली बाजू बाहेर. कडेवर सुंभाचे सात-आठ वेढे, पायाने रेटा देऊन आवळलेले. आणि आता ते वरचं कापड बाहीसारखं खाली उलटतो. सुंभ झाकलं जातं, गाठ झाकली जाते, पाण्याला शिरायला फट उरत नाही. खालची कड तक्त्यावर पसरून, बारीक खिळ्यांनी पाचरींच्या पलीकडे ठोकायची. तुम्ही कापड ताणून धरता तर तो पुन्हा नको म्हणतो. डोल हलतो, त्याच्याबरोबर कापडाला हलायला ढील हवी. वरच्या भागावर किंतान गुंडाळताना तर तो बोटं घालून बघतो.

"घट आवळू नको. लाकडाक वारो लागाक व्हयो."

ओलं लाकूड हवाबंद झाकलं तर पावसाआधी झाकणंच ते कुजवतं. ही गोष्ट त्याला बोटांनी ठाऊक आहे.

पाऊस येतो. आषाढ कसा गेला ते विचारू नका. किल्ला दिवसचे दिवस दिसत नाही.

नारळी पौर्णिमेच्या आधी तुम्ही दोघं पुन्हा वर चढता. तांडेल खिळे उपसतो, सुंभ सोडतो, कापड खरवडून काढतो. खालचं लाकूड कोरडं, तपकिरी, हाताला किंचित ऊबदार. तो बोटाच्या पेराने ठकठक करतो आणि कान लावतो. खणखणीत. त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान बघा, असं तुम्ही फार ठिकाणी पाहिलेलं नाही.

तुम्हाला मात्र पुढचं माहीत आहे. येत्या जानेवारीत मुंबईहून मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन येतील, किल्ला घेतील, त्याला फोर्ट ऑगस्टस म्हणतील. वर्षभराने तो परत मिळेल. मग 1 ऑक्टोबर 1812 चा तह होईल, आणि मालवण बंदर, हे चारही कोट, कोल्हापूरचा समुद्र कायमचा जाईल. ओठांवर येतं, पण बोलवत नाही.

तांडेल तो तेलकट पट्टा तुमच्या हातात देतो.

"घडी घाल रे झिला. फुडच्या वैशाखाक लागतलो."

तुम्ही घडी घालता.