सैनिकाचा दुसरा डाव

मंडळी, आपल्या सोनिवलीजवळचं उल्हासनगर कसं वसलं, हे आपण जाणतोच: महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. आज आपण याच्या उलट गोष्ट पाहू. सैनिकच वसाहतकरी झाले, ती.

१९६५च्या युद्धानंतर चार वर्षांनी, १९६९पासून, सरकारनं माजी सैनिकांची कुटुंबं ग्रेट निकोबारला नेली. १९८०पर्यंत सुमारे ३३०. पंजाबी पुष्कळ, पण आपली मराठी माणसंही त्यांत होती. प्रत्येकाला साधारण अकरा एकर. रान तोडायचं, नारळ-सुपारी लावायची. हे बक्षीस की पहारा? आम्हाला वाटतं, दोन्ही. सुमात्रा तिथून जवळ, चेन्नई फार लांब; सीमेवर आपली माणसं हवीत, हा हिशेब होता. रोमनांनीही निवृत्त सैनिकांना अशाच जमिनी दिल्या होत्या म्हणा.

पण ती जमीन मोकळी होती का? शोंपेन आणि निकोबारी तिथं आधीपासून राहत होते. नकाशावर जे रिकामं दिसलं, ते कुणाचं तरी शिकारीचं रान होतं. हा प्रश्न आपण सोयीनं टाळतो.

मग २६ डिसेंबर २००४. त्सुनामीनं किनाऱ्यालगतची घरं, बागा नेल्या. वय झालेल्या त्या जवानांनी पत्र्याच्या निवाऱ्यातून पुन्हा सुरुवात केली.