आवाज गेला आणि घराणं उभं राहिलं

यवतमाळहून पुन्हा एकदा इतिहासातली एक गोष्ट घेऊन आलोय. ऐकता ऐकता एक काम करा. गळ्यावर पुढून दोन बोटं ठेवा आणि 'आ' म्हणा. थरथर जाणवली? आता आवंढा गिळा. बोटांखालचा कंठमणी वर जाऊन खाली आला ना? हे आपलं स्वरयंत्र. ते बिघडल्यावर एका गवयाने काय केलं, ते आज सांगतो.

आधी यंत्र समजून घेऊ. श्वासनळीच्या तोंडावर कूर्चांचा एक छोटा डबा आहे. कंठमणी ही त्याची पुढची ढाल. तिच्याखाली अंगठीच्या आकाराची दुसरी कूर्चा. आत दोन स्वरतंतू, पुरुषांमध्ये साधारण २ सेंटीमीटर लांब, बायकांमध्ये थोडे आखूड. नाव 'तंतू' असलं तरी सतारीच्या तारेसारखे ते नसतात. स्नायूंवर मऊ आवरण असलेल्या त्या दोन घड्या. श्वास घेताना त्या उघडतात. बोलताना जवळ येतात, आणि खालून येणारी हवा त्यांना थरथरवते.

गंमत म्हणजे आवाज काढणं हे या यंत्राचं मूळ काम नाहीच. मूळ काम राखणदारी. घास गिळताना ते श्वासाची वाट बंद करतं. चुकून पाण्याचा थेंब आत गेला की ठसका लागतो, तो यामुळेच. आपल्याकडे कापसाचं गाठोडं उचलताना माणूस श्वास रोखून धरतो, तेव्हाही हेच दार बंद होतं आणि छातीला बळ मिळतं. गाणं-बोलणं हे त्यावर नंतर चढलेलं फीचर.

आता थोडा हिशोब, आपण इंजिनियर माणसं. गवयाने काळी एकचा षड्ज लावला, तर स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा एकमेकांवर आदळतात. तासभर तोच सूर धरला तर हा आकडा ५ लाखांवर जातो! कुदळ मारून हाताला घट्टे पडतात, तसा इथेही ताण साचतो. आधी सूज येते, मग आवाज घोगरा होतो, आणि तसंच रेटलं तर गाठीही होऊ शकतात.

हे दार उघडझाप करताना पहिल्यांदा नीट पाहिलं कोणी? डॉक्टरने नव्हे, गाणं शिकवणाऱ्या एका मास्तराने. मान्युएल गार्सिया. स्वतःचा आवाज खराब झाल्यामुळे त्याने रंगमंच सोडून शिकवणं धरलं होतं. १८५४ मध्ये त्याने दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात घातला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्याचा निबंध वाचला गेला.

त्याच १८५५ साली राजस्थानातल्या उनियारा इथे आपल्या गोष्टीचा नायक जन्मला: अल्लादिया खाँ. घरात धृपदाची परंपरा, काका जहाँगीर खाँ यांची कडक तालीम, तरुणपणीच नाव झालेलं. पुढे अमलेटा संस्थानात असताना अति गाण्याने त्यांचा आवाज गेला. परत आला, पण पहिल्यासारखा नाही.

विचार करा. गळा हेच पोट भरायचं साधन, आणि तोच गेला. खाँसाहेबांनी गाणं सोडलं नाही. उरलेल्या आवाजाला झेपेल आणि शोभेल अशी नवी गायकी बांधली. वळणं घेत जाणाऱ्या गुंतागुंतीच्या ताना, दमसास, लयीशी घट्ट बांधलेला आलाप, अनवट आणि जोडराग. आपल्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर बदलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी सॉफ्टवेअर नव्याने लिहिलं.

१८९५ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारात आणलं. भास्करबुवा बखले, मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर अशी मोठी माणसं त्यांच्याकडे शिकली. जयपूर-अत्रौली घराणं महाराष्ट्रात रुजलं ते असं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचा आवाज म्हणून ज्या तबकड्या गेल्या, त्यांत केसरबाईंची भैरवी आहे. म्हणजे आवाज गेलेल्या उस्तादाची शिष्या आज सगळ्या ग्रहांच्याही पलीकडे गातेय!

पण या गोष्टीतून 'आवाज गेला तरी चालतं' असं ऐकू नका. खाँसाहेबांनी वाट काढली, तरी पहिला आवाज त्यांना मिळाला नाहीच. माझी आई जिल्हा परिषद शाळेत शिकवते. घसा बसला की हळद-दूध घेते आणि दुसऱ्या दिवशी परत वर्गात ओरडते. शिक्षक, कीर्तनकार, बाजार समितीत बोली पुकारणारे, सगळ्यांचं असंच. बसलेल्या आवाजाला आजार कोणी मानतच नाही.

तर एवढं लक्षात ठेवा. आवाज बसला की ओरडणं बंद, पाणी भरपूर. तीन आठवडे उलटूनही घोगरेपणा गेला नाही, तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवायचं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर टाळायचंच नाही, कारण स्वरयंत्राच्या कॅन्सरची पहिली खूण बऱ्याचदा हीच असते. वेळेत सापडला तर तो बरा होण्याची शक्यता चांगली असते. गार्सियाला ऊन आणि दोन आरसे लागले होते. आज दुर्बिणीने काही मिनिटांत दिसतं.

घरात कोणाचा आवाज बरेच दिवस बसलेला असेल, तर हा भाग त्यांना आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!