माग पावलांचा, माग जातीचा

आधी गुन्हा घडतो, मग तपास होतो आणि तपासाअंती गुन्हेगार सापडतो, असा क्रम कायद्याच्या पुस्तकात दिलेला असतो. इतिहास शिकवताना आणि त्यासाठी जुने अहवाल, कायदे, निकालपत्रे वाचताना मला मात्र असे दिसत आले आहे की, या देशातील काही माणसांच्या बाबतीत हा क्रम उलटा राहिला. तिथे गुन्हेगार आधी ठरला आणि गुन्हा नंतर शोधला गेला. याच व्यवस्थेने दुसरीकडे काही माणसांवर गुन्हे होऊ दिले, पण त्यांना पीडित म्हणून दप्तरात जागा दिली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. एकाच हाताने लिहिलेली ही दोन पाने आहेत आणि ती आपण एकत्र वाचली पाहिजेत.

सुरुवात गावगाड्यापासून करावी लागते. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या बंदोबस्ताचे वर्णन आहे. पाटलाच्या हाताखाली जागल्या असे. हे काम कुठे रामोश्याकडे, कुठे भिल्लाकडे, तर कुठे महार-मांगाकडे होते. चोरी झाली की जागल्याने पावलांचा माग काढायचा आणि तो शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. माग ज्या गावात थांबला, त्या गावावर जबाबदारी येई. मी या पद्धतीचे गोडवे गाणार नाही. माग लागला नाही तर भरपाईचा बोजा त्याच दरिद्री जागल्याच्या डोक्यावर पडे आणि रात्रभर जागणाऱ्या त्या माणसाला दिवसा गावच्या पाणवठ्यावर जाता येत नसे. माझ्या आजोबांनी येसकराची काठी वाहिली आहे. ती मानाची काठी नव्हती, हे घरातच ऐकत मी मोठा झालो. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या तपासात जमिनीवर उमटलेले पाऊल पाहिले जाई. पाऊल कृत्याचे असते. जातीचे पाऊल वेगळे उमटत नाही.

नव्या राजवटीत हा तपास करणारा माणूसच संशयित झाला. पुरंदर परिसरातील रामोश्यांचे हक्क बुडाले. उमाजी नाईकांनी बंड केले आणि १८३२ साली पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली. पुढच्याच वर्षी कॅप्टन मॅकिंटॉशचे रामोशी जमातीवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. आधी फास आणि मग वर्णन, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यानंतर १८३६ चा ठगीविरोधी कायदा आला. अमुक माणसाने अमुक खून केला, हे सिद्ध करण्याची त्या कायद्याला गरज नव्हती. ठगांच्या टोळीशी संबंध होता एवढे ठरले, की जन्मठेप देता येत असे. फुटलेल्या साथीदारांच्या, म्हणजे माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर मोठमोठ्या वंशावळी रचल्या गेल्या. कृत्यावरची नजर इथे प्रथमच टोळीकडे वळली.

टोळीकडून जमातीकडे जायला १८७१ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या गुन्हेगार जमाती कायद्यामागचा युक्तिवाद साधा होता: हिंदुस्थानात धंदे जातीने चालतात, सुताराचा मुलगा सुतार होतो, म्हणून चोराचा मुलगाही चोरच होणार. हा युक्तिवाद विलायतेहून आला नव्हता, आपल्याच घरातला होता. जन्मावरून माणसाचे कर्म ठरते, ही चातुर्वर्ण्याची शिकवण गोऱ्या साहेबाने उचलली आणि तिला कायद्याचे कलम केले. एखादी जमात सरकारने एकदा गुन्हेगार म्हणून जाहीर केली, की ती घोषणा योग्य की अयोग्य हे तपासण्याचा अधिकार न्यायालयालाही ठेवला नव्हता. धर्मशास्त्रात तरी दुसरे काय होते?

मुंबई इलाख्यात हा कायदा १९११ च्या नव्या रूपाने आला. त्याची जमीन आधीच तयार करून ठेवली होती. १९०८ साली केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वर एक जाडजूड पुस्तक सिद्ध केले. भामटा, कैकाडी, मांग-गारुडी, पारधी, रामोशी असे जातवार मथळे देऊन पेहराव, बोली, सवयी आणि गुन्ह्याची पद्धत त्यात नोंदवली आहे. पोलिसांनी तपासासाठी वापरायचे हे पुस्तक होते. याचा अर्थ असा, की घरफोडी कशी झाली हे पाहायचे आणि ती कुठल्या जातीची ‘रीत’ आहे, हे पुस्तकातून काढायचे. मग नाव सापडायला उशीर लागत नाही. त्या जातीचे पाल जवळपास कुठे उतरले आहे एवढेच पाहायचे. नव्या कायद्याने नोंदणी, हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना आणि तारेच्या कुंपणातील वसाहती आल्या. सोलापूरच्या ‘सेटलमेंट’ची आठवण तिथल्या कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या राहिली. नोंदलेला माणूस ‘संशयास्पद स्थितीत’ सापडला, तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. रात्री रस्त्यावर चालणे हेही संशयास्पदच.

याच काळात तपासाला एक खरे शास्त्र मिळाले होते. बोटांच्या ठशांची पहिली कचेरी १८९७ साली कलकत्त्यात निघाली. ठशांचे वर्गीकरण बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी अंमलदारांचे कष्ट होते. नाव झाले ते हेन्री साहेबाचे. घटनास्थळी सापडलेला ठसा पावलासारखाच कृत्याचा पुरावा असतो. तो निरपराध माणसाला सोडवूही शकतो. पण गुन्हेगार जमाती कायद्याने हे शास्त्र उलटे वापरले. गुन्हा घडण्याआधीच जमातीतल्या माणसांचे ठसे घेऊन ठेवले. साधन आधुनिक होते, ते वापरणारी बुद्धी मनूची होती.

आता दुसरे पान उलटू. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल अस्पृश्यांवर हल्ला झाला, त्यांची डोकी फुटली. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी प्रतिवादी झाले. त्या दाव्याचा उच्च न्यायालयातील शेवट १९३७ साली झाला. पाणी पिणाऱ्याला दहा वर्षे कोर्टात उभे राहावे लागले.

बाबासाहेबांना हे दप्तर आतून ठाऊक होते. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष स्टार्ट हे आधी गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचे अधिकारी होते आणि बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात समितीने सामाजिक बहिष्काराच्या हत्याराबद्दल स्पष्ट लिहिले. किराणा बंद, मजुरी बंद, रस्ता बंद. पण फौजदारी कायद्यात याला नावच नव्हते. म्हणून गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या मागण्यांत बाबासाहेबांनी बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा करावा, असे कलमच लिहून दिले. मला ही मागणी फार मोलाची वाटते. ज्या कृत्याला कायद्यात नाव नाही, त्याचा पीडितही नसतो. आधी गुन्ह्याला नाव द्यावे लागते, तेव्हा कुठे जखमी माणूस दिसू लागतो. महाराष्ट्रात असा स्वतंत्र कायदा २०१६ साली झाला.

स्वातंत्र्यानंतर पाने बदलली, अक्षर बदलले नाही. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. तो दिवस विमुक्त बांधव पाळतात. पण मुंबई इलाख्यात १९४७ सालीच ‘सराईत गुन्हेगारां’चा कायदा आला होता आणि १९५९ साली तो पुन्हा नव्याने करण्यात आला. कागदावरून जमात गेली, ठाण्याच्या सवयीतून गेली नाही. १९९८ च्या फेब्रुवारीत बंगालमध्ये पुरुलियाच्या बुधन शबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा देशाला पुन्हा जाग आली.

पीडितांचे काय झाले? १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. खटल्यात पोलिसांच्या वर्तनापेक्षा तिच्या चारित्र्याचा आणि शरीराचा तपास अधिक झाला. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. चार कायदाशिक्षकांचे १९७९ चे खुले पत्र आणि स्त्रियांचे आंदोलन यानंतर १९८३ साली कायदा बदलला. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्या घरातील मायलेकींनी आधीच्या एका मारहाणीत साक्ष दिली होती. न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली, पण अॅट्रॉसिटी कायद्याखालील गुन्हा मानला नाही. सूडातून झालेली हत्या म्हटले. रामोश्याच्या चोरीत ज्यांना जात दिसत होती, त्यांच्याच वारसांना या हत्येत जात दिसली नाही. माझ्या साऱ्या लेखाचे सार या एका विसंगतीत आहे.

कायदा आज निःशस्त्र नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करू नये, असा १९९५ चा नियम आहे. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची वाट मोकळी केली, तेव्हा लोक रस्त्यावर आले. त्याच वर्षी संसदेने कलम १८-अ घालून ती वाट बंद केली आणि २०१९ साली न्यायालयाने आपले निर्देश मागे घेतले. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेली कामे घटनाबाह्य ठरवली, तुरुंगाच्या नोंदवहीतून जातीचा रकाना काढायला सांगितले आणि विमुक्तांना जन्मजात सराईत समजण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले. घटना लागू होऊन पाऊणशे वर्षे होत आली, तरी हे सांगावे लागले.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच आहे: मोर्चाइतकेच महत्त्व दप्तराला द्या. पहिल्या खबरीत काय लिहिले, कोणते कलम गाळले, पंचनामा किती वाजता झाला, पंच कोण होते, हे त्याच दिवशी पाहा. खबरीची प्रत फुकट मिळणे हा हक्क आहे. ठाण्यात नोंद नाकारली, तर अधीक्षकाकडे लेखी तक्रार पाठवता येते. आणि ज्या दिवशी पारध्याच्या पालावर धाड पडते, त्या दिवशीही तितक्याच तातडीने ठाण्यात जा. अत्याचाराच्या दिवशी धावणारी आणि धाडीच्या दिवशी घरात बसणारी चळवळ अर्धीच राहील, कारण दोन्ही ठिकाणी लेखणी एकच आहे.

आपल्या पूर्वजांना पावलांचा माग काढता येत होता. आता कागदावरचा माग काढायला शिकले पाहिजे. न्यायाची वाट कुठे मोडली, कोणत्या ओळीत मोडली, कोणाच्या हाताने मोडली, हे दाखवून देईपर्यंत तो सोडू नये.